‘तिथं पाहिलं’ म्हणजे नेमकं काय पाहिलं?

हरवलेली माणसं, लपवलेली हत्यारं, पुरलेले पुरावे शोधणाऱ्या पोलिसांच्या खास पथकांविषयी वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून या वेळच्या सदरात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : शोध तर कुठलाही पोलीस घेऊ शकतो. मग वेगळं पथक कशाला?

घरात किल्ली शोधताना आपण ती सापडेपर्यंत शोधतो आणि सापडली की थांबतो. पथकाचं काम याहून अवघड असतं. वस्तू सापडली नाही, तरी ‘या जागेत ती नाही’ असं जबाबदारीने सांगता आलं पाहिजे. त्या शब्दावर विसंबून तपास दुसरीकडे वळतो, समारंभाला परवानगी मिळते, एखाद्या संशयितावरची नजर हटते.

12 ऑक्टोबर 1984 रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटन इथल्या ग्रँड हॉटेलात सत्ताधारी पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी स्फोट झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. बॉम्ब जवळजवळ महिनाभर आधी एका खोलीच्या न्हाणीघरात दडवून ठेवला होता. त्यानंतर ब्रिटनमध्ये शोधाचं नियोजन करणारा खास प्रशिक्षित अधिकारी, ही पद्धत रुजली. तपास अधिकारी काय शोधायचं आणि का शोधायचं ते सांगतो. कुठून सुरुवात करायची, कोणत्या पद्धतीने, किती माणसं आणि किती वेळ लागेल, हे शोध-अधिकारी ठरवतो. ही विभागणी फार मोलाची आहे. तपास अधिकाऱ्याच्या मनात एक संशय पक्का झालेला असतो. शोधाची आखणीही त्याच्याच हातात राहिली तर सगळी माणसं त्या एकाच दिशेला पळतात.

पथक लहान असतं, साधारण सात-आठ जणांचं. एक प्रमुख, जोड्यांनी शोधणारे आणि नोंदी ठेवणारा एक जण. नोंदी ठेवणाऱ्याने स्वतः शोधायला वाकू नये, हा नियम मोडला की घोळ सुरू होतो.

प्रश्न : बातम्यांत पोलीस एका रांगेत रान तुडवताना दिसतात. दोघांमधलं अंतर कसं ठरतं? आणि तेच रान पुन्हा का तुडवतात?

अंतर ठरतं ते जमिनीवरून आणि शोधायच्या वस्तूवरून. पथकप्रमुख त्याच आकाराची, त्याच रंगाची वस्तू तिथल्याच गवतात टाकतो आणि तिच्यावर नजर ठेवून मागे सरत जातो. दिसेनाशी झाली की अंतर मोजतो. असं वेगवेगळ्या दिशांनी सहा-आठ वेळा करून सरासरी काढतो. लाल जर्किन गुडघाभर गवतातही लांबून उठून दिसेल. गंजलेला चाकू दोन मीटरवरूनही दिसणार नाही. म्हणून ‘पाच-पाच मीटरवर उभे राहा’ असा सरसकट नियम चालत नाही.

हिशेब करून पाहा. 100 मीटर लांब, 100 मीटर रुंद तुकडा आहे आणि दहा माणसं पाच-पाच मीटरवर उभी केली. एका फेरीत 50 मीटरचा पट्टा होतो, दोन फेऱ्यांत तुकडा संपतो. त्याच तुकड्यात काडतुसाची रिकामी पुंगळी शोधायची असेल तर खांद्याला खांदा लावून, गुडघ्यांवर बसून, हातांनी गवत बाजूला करत पुढे सरकावं लागतं. माणशी एक मीटर धरला तरी दहा फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी मुंगीच्या पावलाने चालते. दिवस पुरेलच असं नाही.

रांग बिघडते कुठे, तर काटेरी झुडपापाशी. त्याच्या डावीकडचा माणूस समजतो की उजवीकडच्याने आत पाहिलं असेल, उजवीकडचाही तेच समजतो आणि झुडूप तसंच राहतं. रांगेची टोकं मागे पडतात, मधली माणसं पुढे निघतात आणि पट्टे तिरके होतात. यावर उपाय साधेच आहेत. पट्ट्यांच्या कडेला दोरी किंवा टेप ताणायची. टोकाच्या माणसाने जाताना ती टाकायची आणि परतीच्या फेरीत उचलून नव्या कडेला लावायची. रांगेची सूत्रं मधल्या माणसाच्या हाती द्यायची. कुणी ‘थांबा’ म्हटलं की अख्खी रांग जागच्या जागी थांबली पाहिजे. आणि दर दहा-बारा पावलांनी प्रत्येकाने मागे वळून पाहायचं. झुडपाच्या पलीकडच्या अंगाला पडलेली वस्तू पुढे पाहत चालणाऱ्याला दिसतच नाही.

दुसरी फेरी शक्यतो पहिलीला काटकोनात घेतात. प्रकाश बदलतो, सावल्या बदलतात, गवताचा कल बदलतो. एका फेरीत वस्तू सापडण्याची शक्यता 60 टक्के असेल, तर तितक्याच स्वतंत्र दुसऱ्या फेरीने ती 84 टक्क्यांवर जाते. शंभर होत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

प्रश्न : ‘परिसर पूर्ण तपासला’ असं जाहीर होतं आणि काही आठवड्यांनी तिथंच काहीतरी सापडतं. हा निष्काळजीपणा नव्हे काय?

कधी असतोही. पण पुष्कळदा दोष ‘पूर्ण’ या शब्दात असतो. शोधाचं गणित दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी बर्नार्ड कूपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी मांडलं. त्याचा गाभा असा, की वस्तू या भागात असण्याची शक्यता वेगळी आणि ती तिथं असल्यास आपल्याला सापडण्याची शक्यता वेगळी. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या भागातल्या शोधाला यश येण्याची शक्यता.

समजा, तीन भाग आहेत. वस्तू ‘अ’मध्ये असण्याची शक्यता 50 टक्के, ‘ब’मध्ये 30, ‘क’मध्ये 20. ‘अ’ तपासला, आणि तपासाची पद्धत अशी होती की वस्तू तिथं असती तर 70 टक्के वेळा सापडली असती. काहीच मिळालं नाही. म्हणून ‘अ’ शून्यावर जात नाही. 50 मधले 15 उरतात. एकूण उरलेले 65, त्यात ‘अ’चा वाटा आता सुमारे 23 टक्के, ‘ब’चा 46, ‘क’चा 31. म्हणजे पुढची फेरी ‘ब’मध्ये. पण ‘ब’ आणि ‘क’ही रिकामे निघाले, तर आकडेच सांगतात की पुन्हा ‘अ’कडे या. पथक त्याच शेतात परत दिसलं की लोकांना वाटतं, यांना काही सुचत नाहीये. बहुधा हिशेबानेच ते तिथं आलेलं असतं.

याचं बोलकं उदाहरण पोलिसांचं नाही, विमानाचं आहे. 1 जून 2009 रोजी एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान अटलांटिक महासागरात कोसळलं. ब्लॅक बॉक्सला जोडलेल्या ध्वनियंत्रांचा आवाज ऐकण्यासाठी जहाजांनी समुद्र धुंडाळला. आवाज आला नाही, म्हणून तो भाग संपला असं धरलं गेलं. पुढे विश्लेषकांनी एक शंका घेतली : ती यंत्रंच बंद पडली असतील तर? तसं मानताच, आवाज न आल्याने मागे पडलेला शेवटच्या ज्ञात ठिकाणाजवळचा भाग पुन्हा वर आला, आणि एप्रिल 2011 मध्ये अवशेष तिथंच मिळाले. ‘तिथं पाहिलं’ या नोंदीपुढे ‘कशाने पाहिलं आणि ते साधन चालत होतं का’ हेही लिहिलेलं असावं लागतं.

दुसरं कारण माणसाच्या नजरेचं. नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की एकटक पाळत ठेवणाऱ्याच्या चुका पहिल्या अर्ध्या तासातच वाढू लागतात. म्हणून बारीक शोधात माणसं वीस-तीस मिनिटांनी बदलतात. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलेली गोष्ट तर अधिक काळजी करण्याजोगी आहे. वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर पाहणारे सुमारे 7 टक्के वेळा चुकतात. ती शंभरात एकदाच असेल तर 30 टक्के वेळा. मिळण्याची आशा कमी झाली की डोळा लवकर समाधान मानतो. चौथ्या दिवशीच्या रिकाम्या रानात नेमकं हेच होतं. म्हणून जाणते पथकप्रमुख काही खुणेच्या वस्तू कुणालाही न सांगता रानात टाकून ठेवतात. दहापैकी सात परत आल्या, तर त्या फेरीची नोंद ‘पूर्ण’ अशी होत नाही. ‘सुमारे 70 टक्के’ अशी होते.

प्रश्न : आमच्या ओळखीत लहान मूल हरवलं तेव्हा पोलीस आधी त्याच्याच घरात तीन वेळा शोधत बसले. आईवडिलांना तो अपमान वाटला.

त्या क्षणी तसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. घरच्यांना कारण दोन वाक्यांत समजावून सांगायला हवं, आणि तिथे पथकं कमी पडतात. एक ते तीन वर्षांची मुलं ‘हरवलो’ असं समजतच नाहीत. अरुंद, अंधाऱ्या जागेत शिरून झोपतात. हाकेला ओ देत नाहीत, कारण रागवतील असं वाटतं किंवा गाढ झोप लागलेली असते. म्हणून पलंगाखालचा कप्पा, कपाटातल्या रजयांच्या मागची जागा, कपडे धुण्याचं यंत्र, गाडीची डिकी, पाण्याची टाकी, जिन्याखालची अडगळ, हे सगळं हात घालून पाहायचं असतं. ‘आम्ही पाहिलं’ असं घरच्यांनी सांगितलं तरी. घाबरलेलं माणूस त्या चेहऱ्याच्या शोधात असतं. रजईखाली हात घालत नाही.

खोली तपासण्याची रीत ठरलेली आहे. दारात थांबून आधी शांतपणे ऐकायचं. मग दारापासून सुरुवात करून भिंतीच्या कडेने पूर्ण फेरी, आणि शेवटी मधली जागा. पहिली फेरी जमिनीपासून कमरेपर्यंत, दुसरी कमरेपासून डोक्यापर्यंत, तिसरी डोक्यापासून छतापर्यंत, आणि खोटं छत असेल तर त्याच्या वर चौथी. दोघं असतील तर खोली अर्धी-अर्धी वाटून घेतात आणि मग अदलाबदल करतात. एकाच्या नजरेतून निसटलेलं दुसऱ्याला दिसावं म्हणून.

प्रश्न : स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध घरातून निघून गेले तर त्यांचा शोध वेगळ्या तऱ्हेने घेतात का?

होय, पूर्ण वेगळ्या. रॉबर्ट कोस्टर यांनी जगभरच्या हजारो घटनांची माहिती एकत्र करून कोणत्या प्रकारची माणसं हरवल्यावर कशी वागतात हे मांडलं आहे, आणि पथकं त्याचा आधार घेतात. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा पाय नेतील तिकडे चालत राहतो आणि कुठेतरी अडकतो : झुडपात, ओढ्यात, कुंपणाशी. बऱ्याचदा तो रस्त्यापासून फार आत नसतो. तो मदतीसाठी ओरडत नाही, हाकेला उत्तर देत नाही. म्हणून हाका मारत वेगाने पुढे जाण्याचा उपयोग कमी. रस्त्याच्या दोन्ही कडांची दाट झाडी आत शिरून पाहावी लागते. जुनं घर, जुनं कामाचं ठिकाण हीही तपासायची. घरच्यांनी सांगायची सगळ्यात कामाची माहिती म्हणजे त्यांनी पायात काय घातलं होतं आणि पूर्वी कधी निघून गेले असतील तर कुठे सापडले होते. चपलेचा तळवा कसा आहे हे कळलं, तर माग काढणाऱ्याचं अर्धं काम होतं.

प्रश्न : श्वानपथकाचा कुत्रा बसला म्हणजे तिथं पुरावा आहे, असं समजायचं का?

नाही. तिथं वास आहे, इतकंच समजायचं.

कुत्र्यांची कामंही वेगवेगळी असतात. माग काढणारा कुत्रा विशिष्ट माणसाच्या वस्त्राचा वास घेऊन त्याच्या मागावर जातो; ते वस्त्र दहा जणांनी हाताळलेलं असेल तर त्याचा गोंधळ उडतो. हवेतला वास घेणारा कुत्रा परिसरात असलेल्या कुठल्याही माणसापर्यंत नेतो, म्हणून गर्दीत तो निरुपयोगी. मृतदेह शोधणारा कुत्रा कुजण्याच्या वासावर शिकवलेला असतो. मृतदेह तिथून हलवला असेल, तरी मातीत मुरलेल्या वासाने तो खूण देऊ शकतो.

वास वाऱ्याबरोबर सरकतो, उतारावरून खाली वाहतो, खोलगटात साचतो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर उठून निघून जातो. म्हणून पहाट आणि संध्याकाळ बरी. कुत्रा वीस-तीस मिनिटांनी थकतो आणि थकलेला कुत्रा थकल्याचं सांगत नाही. सगळ्यात मोठी चूक मात्र माणसाची : संशय कुठे आहे हे हाताळणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो नकळत तिथं रेंगाळतो आणि कुत्रा त्याच्याकडे पाहून बसतो. त्यामुळे संशयाची जागा त्याला न सांगता काम करणं आणि मग दुसरा कुत्रा, दुसरा माणूस आणून पडताळणं, हीच योग्य रीत आहे.

प्रश्न : जमिनीत पुरलेलं शोधायला रडार असतं म्हणतात. मग जागोजागी खणून का बसतात?

रडारच्या पडद्यावर मृतदेह दिसत नाही. जमिनीखाली काहीतरी बदल आहे, एवढंच दिसतं. तो बदल झाडाचं मूळ, नळ, दगड किंवा उंदराचं बीळही असू शकतो. यंत्र साधारण पाव ते अर्ध्या मीटरच्या अंतराने समांतर ओळींत फिरवावं लागतं, त्यासाठी जमीन मोकळी आणि सपाट लागते. ओल्या चिकणमातीत लहरी शोषल्या जातात आणि यंत्र जवळजवळ आंधळं होतं.

म्हणून क्रम असा असतो, की जमिनीला कमी धक्का लावणारं साधन आधी. जुनी आणि नवी हवाई छायाचित्रं शेजारी ठेवून पाहायची. कुठे खणणं शक्य आहे आणि कुठे खडक आहे याचा नकाशा करायचा. एका माणसाला घाईत खोल खणता येत नाही, त्यामुळे अशा जागा बहुधा एक मीटरहूनही उथळ असतात. मग पायी पाहणी. ताजी भरलेली जागा आधी उंचवट्यासारखी असते, नंतर खचते. खालच्या थराची वेगळ्या रंगाची ढेकळं वर आलेली दिसतात. गवत आजूबाजूपेक्षा खुरटलेलं किंवा उलट जोमदार असतं. ऊन तिरपं असताना हे उंचसखलपण नीट कळतं.

त्यानंतर टी आकाराची लोखंडी सळई. हलवलेल्या मातीत ती सहज जाते. अनुभवी हाताला हा फरक लगेच कळतो. सळई अलगद दाबायची, खाली जे असेल त्याला इजा होता कामा नये. त्या भोकांतून वास वर यायला वेळ द्यायचा आणि मग कुत्रा आणायचा. खणायची वेळ येते तेव्हा फावड्याने ढीग उपसत नाहीत. पुरातत्त्वाचे जाणकार थापीने काही सेंटिमीटरचे पापुद्रे काढतात आणि प्रत्येक थराची माती चाळतात. खड्ड्याच्या भिंतीवर हत्याराच्या पात्याचे ठसे असतात, ते घाईत नाहीसे होतात. रडार आहे म्हणून आधीच जेसीबी लावला, तर पुरावा सापडूनही हातचा जातो.

प्रश्न : नदीत बुडालेल्याला पाणबुडे डोळ्यांनी शोधतात का?

गढूळ पाण्यात हाताने. तळाशी दोन समांतर वजनदार दोर टाकतात, त्यांच्यामध्ये एक आडवा दोर. पाणबुडा आडव्या दोराला धरून तळ चाचपत टोकापर्यंत जातो. टोकाशी दोर साधारण हातभर पुढे सरकवतो आणि परत फिरतो. वरच्या माणसाशी बोलणं दोरीच्या झटक्यांनी किंवा तारेवरून होतं. ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढणारं सोनार मोठा भाग लवकर संपवतं, पण ओंडके आणि टायर त्यात फसवतात. संथ पाण्यात देह बहुधा बुडाल्या जागेच्या जवळच तळाशी जातो आणि कुजण्याच्या वायूंनी नंतर वर येतो. पाणी थंड असेल तर त्याला आठवडेही लागतात. त्यामुळे ‘कुठे बुडाला’ हे पाहणाऱ्याने ज्या जागी उभं राहून पाहिलं, त्याच जागी उभं राहून बोट दाखवावं. दोन साक्षीदारांच्या दिशा जिथे छेदतात, तिथून शोध सुरू होतो.

प्रश्न : ड्रोन आणि उष्णता टिपणारे कॅमेरे असताना हे सगळं कशासाठी?

दाट झाडीतून, काचेतून आणि पाण्यातून उष्णता दिसत नाही. उन्हात तापलेले खडक माणसासारखे चमकतात, म्हणून पहाटेपूर्वीची वेळ निवडतात. मोकळ्या माळावर ड्रोन फार कामाचा. झाडीत मात्र ‘ड्रोनने पाहिलं’ ही नोंद धोक्याची ठरते.

प्रश्न : शोधकार्यात मदत करायला आम्ही गेलो तर पोलिसांनी परत पाठवलं. आणि स्वतःहून काही दिसलंच तर काय करावं?

गर्दीने पावलांचे ठसे पुसले जातात, कुत्र्यांचा वास बिघडतो, आणि एका जागेची माती दुसऱ्या जागी पोचते. संशयिताच्या घरात गेलेला पोलीसही त्याच दिवशी पीडिताच्या घराच्या शोधात घेत नाहीत, ते याच कारणासाठी. तरी स्वयंसेवकांचा उपयोग होतो. नाव नोंदवून, पट्टा वाटून घेऊन, पथकाच्या माणसाबरोबर. आणि परत आल्यावर कुठे शिरता आलं नाही हे सांगितलं तर. ‘कुलूपबंद खोली’, ‘पाणी भरलेला खड्डा’, ‘काटे होते, आत गेलो नाही’ असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याची पथकाला मोठी मदत होते.

काही दिसलं तर हात लावू नका, पालथं करू नका, काठीने ढोसू नका. संशयास्पद पिशवी किंवा पेटी असेल तर फोटोसाठीही थांबू नका, दूर होऊन मग कळवा. इतर वस्तूंचा जागेवरूनच फोटो काढा. एक आजूबाजूसह, एक जवळून. आलात त्याच वाटेने, आपल्याच पावलांवरून मागे या, आणि वळणावर ठळक खूण ठेवा, म्हणजे पथकालाही तीच वाट वापरता येईल. पाऊस येईल म्हणून वस्तू उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. ओलं, रक्ताचं कापड प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरतं आणि त्यावरचा डीएनए खराब होतो. पथक ते वाळवून कागदी पाकिटात ठेवतं, प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात. अगदीच पाणी वाहून येत असेल, तर वस्तूला न टेकेल अशा बेताने वर काहीतरी आडोसा धरा, आणि पोलीस येईपर्यंत तिथं कुणाला येऊ देऊ नका.